होडीभाडे व हमाली : शून्य

८ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा फोन नाही, पत्र नाही. फोनचं मी समजू शकते. इथे रेंज मिळते ती फक्त टेकडीवरच्या खांबापाशी, आणि तिथे बोलायला गेलं की अर्धी वस्ती आपापला फोन कानाला लावून आपलंच बोलणं ऐकत उभी असते. पण पत्राला काय झालं? मोठा ऊर्जातज्ज्ञ झालास म्हणून बहिणीला विसरायची सूट मिळत नाही, एवढं ध्यानात ठेव.

तुझं यंत्र झकास चाललंय. तुझं म्हणते, कारण वस्तीत सगळे तसंच म्हणतात. समुद्राचं खारं पाणी इकडून आत जातं आणि तिकडून गोडं होऊन नळाला येतं, याची आता कुणाला नवलाई राहिलेली नाही. परवा तर आमची समोरची शेजारीण पाणी जरा कोमट येतं म्हणून कुरकुरत होती. गेल्या उन्हाळ्यात हीच बाई पाण्याच्या होडीची वाट बघत दोन-दोन तास भांड्यांच्या रांगेत बसलेली असायची. यंत्राची वही माझ्याकडे आहे. अक्षर बरं म्हणून हे काम गळ्यात पडलं. रोज शिलाई मशीनवरून उठते आणि किती पाणी झालं, जनरेटर किती तास चालला, डिझेल किती लागलं, ते लिहून येते. दिवसाला वीस हजार लिटर पाणी आणि आठवड्याला डिझेलचे दहा कॅन, हे आता मला पाठच झालंय.

एक काम आहे. तुमच्याकडे कमरेला बांधायचा रुंद पट्टा मिळतो ना, तो एक पाठव. ह्यांची पाठ धरली आहे. खाट सोडून जमिनीवर निजायला लागलेत, आणि चप्पल घालताना भिंतीला हात टेकतात. विचारलं तर वय झालं म्हणतात. पन्नाशी आत्ता कुठे ओलांडली, वय कसलं झालंय! होडीला यंदा रंगही दिला नाही, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. दरवर्षी पोटच्या पोरासारखी होडी रंगवणारा माणूस, मला जरा नवलच वाटलं.

मी पट्टा मागितला हे त्यांना कळू देऊ नको. पार्सल येणार त्यांच्याच होडीतून, तेव्हा वर ठळक अक्षरात ‘शिवणाचं सामान’ असं लिही. मग ते हातही लावायचे नाहीत.

बाकी क्षेम. महिन्याकाठी दोन ओळी खरडण्याइतकी तरी माया ताईवर राहू दे.

तुझी
ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

‘शिवणाचं सामान’ पाठवलं आहे. सोबत खरोखरीच चार रिळंही टाकली आहेत, म्हणजे मी खोटारडा ठरणार नाही. भावोजींना म्हणावं, माल चढवायला एखादा माणूस ठेवा. सगळं स्वतः करायची त्यांची खोड काही जात नाही.

पत्र नव्हतं त्याला कारण आहे, आणि ते ऐकून तू नक्की खूश होशील. आमचं कार्यालय आणखी सात वस्त्यांत असंच यंत्र बसवणार आहे. सातही आपल्यासारख्याच, पाण्यापलीकडच्या. आणि कुठली ऊर्जा वापरायची ते ठरवायला नमुना म्हणून माझाच अहवाल घेतला आहे! तीस मार्चला बैठक आहे. आमच्या मोठ्या बाई कुणाचं सहसा कौतुक करत नाहीत, पण परवा सगळ्यांसमोर म्हणाल्या की तक्ता असावा तर असा. माझी छाती दोन इंच फुगली.

त्या तक्त्याची प्रत सोबत आहे, हवी तर भिंतीला लाव. वाचायला सोपी आहे. डिझेलवर हजार लिटर गोडं पाणी करायला येणारा खर्च मी शंभर धरला. त्या शंभरातले साठ नुसत्या इंधनाचे. त्याच्याशी ताडून पाहिलं तर सौर पॅनेलवर तेच पाणी एकशे चौदाला पडतं, पवनचक्कीवर एकशे तीसला, आणि समुद्राखालून विजेची तार आणायची तर तीनशेच्याही वर. सूर्य फुकट आहे असं सगळ्यांना वाटतं. पण पॅनेल फुकट नाहीत, बॅटऱ्या फुकट नाहीत, आणि त्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात. आधीच्या एका बैठकीत एक जण सौरचा फारच हट्ट धरून बसला होता. मी त्याला सांगितलं की भावनेवर जाऊ नका, आकडे बघा.

तुझ्या आकड्यांचाही यात वाटा आहे बरं का. गेल्या वर्षी तू कळवलेली माहिती जशीच्या तशी वापरली आहे.

भावोजींना नमस्कार. माझ्या फुशारक्या पोटात घाल आणि लोभ आहे तसाच ठेव.

तुझा
बारक्या


२ मार्च

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पट्टा मिळाला. रिळंही चांगली आहेत.

तक्ता वाचला. तीनदा वाचला. डिझेलच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे, ‘होडीभाडे व हमाली : शून्य’. बारक्या, ते शून्य माझं आहे.

गेल्या वर्षी तू विचारलं होतंस की पलीकडून डिझेलचा एक कॅन इथवर आणायला काय पडतं. तेव्हा वस्तीत डिझेल लागायचं ते फक्त शाळेच्या जनरेटरला. महिन्याला दोन कॅन. ते हे आपल्या होडीतून आणून द्यायचे, वर पोचवायचे, आणि शाळेकडून काय घ्यायचं म्हणून काहीच घ्यायचे नाहीत. मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहून टाकलं की काहीही पडत नाही. मला वाटलं, माझा नवरा कसा दिलदार आहे ते माझ्या शिकलेल्या भावाच्या कागदावर एकदा लागू दे. सरळच सांगायचं तर मिरवायचं होतं मला.

आता दोनाचे आठवड्याला दहा झाले. सप्टेंबरात यंत्र सुरू झालं त्या दिवशी यंत्रवाल्याने विचारलं की डिझेल कोण आणणार, आणि सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. कागदावर शून्य लिहिलेलं होतंच. हे काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. मला तर त्या दिवशी अभिमानच वाटत होता. एक कॅन पस्तीस लिटरचा. धक्क्याच्या पायऱ्या बेचाळीस, त्या तू मोजलेल्या आहेस. पाच महिने दहा-दहा कॅन खांद्यावरून वर गेले आणि मी मान खाली घालून वहीत डिझेल किती लागलं ते सुवाच्य अक्षरात लिहीत राहिले. ते वर कसं आलं हे लिहायला वहीत रकानाच नाही.

काल यंत्रवाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की जानेवारीच्या अखेरीस हे एकतिसाव्या पायरीवर कॅनसकट बसले होते. अर्धा तास उठता येईना. घरी सांगू नको म्हणून त्याला बजावलं होतं. बायकोला सोडून सगळ्यांना माहीत होतं म्हणजे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तू मात्र काही बदलायला जाऊ नको. इतकं नाव झालंय तुझं, आणि त्यात बाईंनी चारचौघांत कौतुक केलंय. चूक माझ्या जिभेची आहे. ह्यांना मी कसंही करून माणूस ठेवायला लावीन. मी हे लिहिलंय ते फक्त मन हलकं व्हावं म्हणून.

ताईला वेडी समज, पण परकी समजू नको.

तुझी
ताई


११ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कार्यालयात मिळालं. वाचून जिन्यात जाऊन बसलो, कारण टेबलाशी बसवेना.

तू शून्य सांगितलंस हे खरं. पण तू शिवणकाम करतेस, मी याच कामाचा पगार घेतो. अहवाल पुरा झाला तेव्हा मोठ्या बाईंनी नेमकं त्या ओळीवर पेन्सिल टेकवली होती आणि शून्य कसं, असं विचारलं होतं. त्या वेळी मला कळायला हवं होतं. खरं तर कळलंच होतं. आठवड्याला दहा कॅन आपोआप पायऱ्या चढत नाहीत, एवढं कळायला शिक्षण लागत नाही. पण तुला परत विचारायचं, उत्तराची वाट बघायची, तक्ता नव्याने करायचा, म्हणजे तीन आठवडे गेले असते. आणि अहवाल मला माझ्या मुदतीच्या आधी द्यायचा होता. मी बाईंना सांगितलं की स्थानिक पातळीवर तशी व्यवस्था आहे. ताई, माझे भावोजी म्हणजे स्थानिक पातळीवरची व्यवस्था!

मला राहून राहून माझी ट्रंक आठवते. सुट्टीत पहिल्यांदा तुझ्याकडे आलो तेव्हाची, पुस्तकांनी ठासून भरलेली. तू म्हणालीस की एक कडी धर, आणि भावोजी म्हणाले की राहू दे, नवे बूट आहेत त्याचे. मी खरंच बाजूला झालो. ते ट्रंक डोक्यावर घेऊन चढत होते आणि मी मागून मोकळ्या हातांनी पायऱ्या मोजत होतो. बेचाळीस हा आकडा तिथूनच मला माहीत आहे.

काल बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझं ते ‘स्थानिक पातळीवरचं’ वाक्य त्यांनी स्वतः वरच्या समितीपुढे वाचून दाखवलं होतं, एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या की नमुन्यावर आता माझं नाव राहणार नाही, पण दुरुस्ती मीच करायची. शून्य खोडायचं असेल तर त्या जागी खरा आकडा आणावा, नुसतं वाईट वाटून उपयोग नाही. तीस तारखेच्या आत. नाहीतर तक्ता आहे तसाच सात वस्त्यांना जाईल. सातही ठिकाणी धक्के आहेत, पायऱ्या आहेत, आणि नाही म्हणता न येणारा कुणी ना कुणी होडीवाला असणारच.

म्हणून भावोजींना विचार. एका कॅनमागे होडीचं काय धरायचं आणि वर चढवायचं काय धरायचं. त्यांना वाटेल ते नको, वाजवी असेल ते हवं. भाव बदलत राहतात, म्हणून पैशांऐवजी डिझेलच्या लिटरमध्ये सांगितलं तरी चालेल. आकडा कितीच्या वर गेला की सौर स्वस्त ठरतं ते मला ठाऊक आहे, पण मी ते सांगणार नाही. एकदा सोयीचा आकडा घेऊन बसलो, आता दुसऱ्या बाजूने तेच नको.

तुझ्यापुढे मान वर करून बोलण्याजोगं आज माझ्याकडे काही नाही. तरीही मला आपला म्हण.

तुझा
बारक्या


१७ मार्च

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

विचारलं. सरळ विचारलं, आडून नाही.

होडीचं चटकन सांगितलं. फेरीला लागणारं इंधन, इंजिनाची झीज, दोराची झीज, सगळं बोटांवर मोजून म्हणाले की कॅनमागे सहा लिटरची किंमत धरा, त्यात काही वावगं नाही. मग मी हमालीचं विचारलं. तर उठून अंगणात गेले आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या माणसाने कधी दोरीवरचा रुमालसुद्धा काढला नव्हता. मी मागोमाग गेले. तेव्हा म्हणाले, लिही एक लिटर. तेसुद्धा बारक्याचं अडलंय म्हणून.

एक लिटर, बारक्या! एकूण झाले सात. तुझ्या तक्त्यावर मी मांडून बघितलं. पस्तीस लिटरच्या कॅनमागे सात वाढले तर इंधनाचे साठ होतात बहात्तर, आणि तुझे शंभर होतात एकशे बारा. सौर एकशे चौदाच. म्हणजे ह्यांची पाठ मोडूनही डिझेलच स्वस्त. तू सांगणार नव्हतास, पण गणित मलाही येतं.

मी भांडले. म्हटलं की बेचाळीस पायऱ्यांचे एवढेच? तर म्हणाले की आपल्याच नळाला पाणी यायचं, त्याचे पैसे कसले मागायचे, लोक काय म्हणतील. मग मनात आलं, मीच पाच लिटर लिहून पाठवते, कोण बघायला येतंय. पेन हातात घेतलं आणि मागच्या वर्षीचा माझा तोरा आठवला. तेव्हा आकडा मी ठरवला होता, आता पुन्हा मीच ठरवणार. पेन ठेवून दिलं.

तूच लिही त्यांना. पुरुषमाणसं एकमेकांचं ऐकतात म्हणे. इथे तरी मला तसा अनुभव नाही.

तब्येतीला जप. रागावलास तरी चालेल, गप्प बसू नको.

तुझी
ताई


२१ मार्च

ती. भावोजींस,
कृ. सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, आणि ती अशा कारणाने यावी याची लाज वाटते. तुमची पाठ का दुखते हे मला आता माहीत आहे. माझ्या कागदावरच्या एका शून्यामुळे दुखते. माफी मागायला मी एप्रिलात येतोच आहे, इथे मागत नाही. पत्रात मागितली तर मी स्वस्तात सुटेन.

तुम्ही सांगितलेला एक लिटर मी लिहू शकत नाही. तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून विनंती करतो. असं समजा की तुम्ही आजारी आहात आणि कॅन वर न्यायला ओळखदेख नसलेला माणूस बोलवायचा आहे. त्याला कॅनमागे काय द्याल? तुम्ही कुणाला कमी देणारे नाही, हे सगळा धक्का जाणतो. तेवढाच आकडा मला हवा आहे.

तो मोठा निघाला तर माझी चूक मोठी ठरेल, लहान निघाला तर लहान. त्याची काळजी करू नका. काळजी करायची तर त्या सात वस्त्यांतल्या होडीवाल्यांची करा. त्यांना कुणी विचारलेलं नाही आणि तेही काही बोलणार नाहीत. आपल्या वस्तीत जनरेटर बसलाच आहे, पण आकडा कागदावर आला तर हमाली द्यावी लागेल, आणि पुढेमागे पॅनेलही जोडता येतील.

पत्र तीस तारखेच्या आत पोचावं. तुमचा धाकटा आहे, रागवायचा हक्क तुमचाच.

आपला
बारक्या


२६ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

मला पत्रं वाहायची सवय आहे, लिहायची नाही. शुद्ध-अशुद्ध बघू नको. या दोन महिन्यांत तुमची सगळी पत्रं माझ्याच होडीतून गेली आणि आली. एकही उघडलं नाही. तुझ्या ताईचा चेहरा बघून आत काय असेल ते कळत होतं. ‘शिवणाच्या सामाना’त पट्टा आहे हेही कळलं होतं. रिळं इतकी जड नसतात.

तू विचारलंस, परक्या माणसाला काय द्याल. ते मला ठरवायची गरज नाही. मी देतोच आहे.

पायरीवर बसलो त्या दिवसानंतर एकट्याने जमेना. पलीकडच्या धक्क्यावरचे दोन हमाल मंगळवारी होडीतून सोबत आणतो. तेव्हा तुझी ताई शिवणाच्या वर्गाला गेलेली असते. सहा कॅन ते चढवतात, चार मी. त्यांना कॅनमागे पाच लिटर डिझेलची किंमत देतो. तोच तिथला भाव आहे, घासाघीस केलेली नाही. हे पैसे होडीच्या रंगासाठी ठेवलेले होते. यंत्रवाल्याला शपथ घातली होती. त्याने पायरीवर बसल्याचं सांगून टाकलं, हमालांचं तेवढं पोटात ठेवलं.

वस्तीकडे पैसे मागायची लाज वाटत होती. आणि आपण फुकट करतो असं लोक समजतात ते खिशातून पैसे देऊन करवून घेतो, हे घरात सांगायची त्याहून जास्त वाटत होती. बायकोने ज्याचा अभिमान धरला ते खोटं निघालं असतं. तुम्ही दोघं आपापली चूक लिहून मोकळे झालात, म्हटलं आपणच एक का मागे राहायचं. हा कागद मी आधी तिलाच वाचायला दिला. तिने वाचला, डोळे पुसले, मग मला पुष्कळ बोलली, आणि मग तुझा तक्ता काढून गणित करायला बसली. सहा आणि पाच अकरा. तिच्या हिशेबाने डिझेल एकशे एकोणीसवर जातं आणि सौर खाली राहतं. दोनदा करून बघितलं म्हणते. तू एकदा तपास.

तेव्हा तिथे लिही. होडी, कॅनमागे सहा लिटर. हमाली, कॅनमागे पाच लिटर. खाली माझी सही करतो. कुणी विचारलं तर हमालांना समोर उभं करीन.

तू येशील तेव्हा मंगळवार सोडून ये. त्या दिवशी होडीत जागा नसते.

तुझ्यावर राग नाही. होता, तो हे लिहिता लिहिता गेला. घरातल्या सगळ्यांची ओढ असू दे.

तुझे
भावोजी

ता. क. तुझी ट्रंक या हिशेबात धरलेली नाही. ते शून्य तसंच राहू दे. पण या खेपेला एक कडी तू धर.